क्रीडा व्यवस्थापनातील ऑनर्स पदवी : प्रवेशापासून प्रबंधापर्यंत

खेळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर मैदान उभे राहते. घामाने भिजलेले खेळाडू दिसतात, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक दिसतात. परंतु ते मैदान कोणी भाड्याने घेतले, पंचांचे मानधन कोठून आले, तिकिटाचा दर कोणी ठरवला, प्रक्षेपणाचा करार कोणी केला, खेळाडूला दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे क्रीडा व्यवस्थापन होय. अमेरिकेत हा विषय गेली अनेक दशके पदवी पातळीवर शिकवला जातो आणि अभ्यासू विद्यार्थी त्यात ऑनर्स घेतात. आपल्याकडेही आता चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची व्यवस्था आली आहे. म्हणून ही पदवी म्हणजे नेमके काय, ती कशासाठी घ्यावी आणि मुख्य म्हणजे ती पूर्ण कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

विषयाचा उगम

या विद्याशाखेचा जन्म एका पत्रातून झाला असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. ब्रुकलिन डॉजर्स हा न्यूयॉर्कमधील बेसबॉलचा नामांकित संघ. त्याचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली जेम्स मेसन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना पत्र लिहिले. मैदान, प्रेक्षागृह, शर्यतीचे मैदान अशा ठिकाणांचा कारभार पाहण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस हवा असेल तर तो कोठे शोधावा, असा त्या पत्राचा आशय होता. त्या वेळी या प्रश्नाला उत्तर नव्हते. मेसन त्या वेळी मायामी विद्यापीठात होते. पुढे ते ओहायो विद्यापीठात गेले आणि १९६६ साली तेथे क्रीडा प्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७१ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने अॅमहर्स्ट येथे दुसरा अभ्यासक्रम काढला. त्यानंतर पदवी पातळीवरचे अभ्यासक्रमही निघाले. १९८५ साली उत्तर अमेरिकेतील प्राध्यापकांनी या विषयाची स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि १९८७ पासून तिचे संशोधन नियतकालिक निघू लागले. अभ्यासक्रमांची गुणवत्ता तपासून त्यांना मान्यता देणारे स्वतंत्र मंडळ २००८ साली अस्तित्वात आले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट लक्षात येते. खेळाचा कारभार पूर्वी ओळखीने, वारशाने किंवा अनुभवाने मिळत असे. तो शिक्षणाने मिळू शकतो हा विचार तुलनेने नवा आहे, आणि ज्यांच्याकडे ओळखही नाही व वारसाही नाही त्यांच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे.

मैदान आणि कचेरी

हा मुद्दा नीट समजण्यासाठी त्याच डॉजर्स संघाचा इतिहास पाहावा लागेल. १५ एप्रिल १९४७ रोजी या संघाने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवले आणि आधुनिक काळातील प्रमुख बेसबॉल स्पर्धांतील वर्णभेदाची भिंत पाडली. रॉबिन्सन यांच्यामागून अनेक कृष्णवर्णीय खेळाडू आले आणि त्यांनी विक्रम केले. परंतु संघ चालवण्याचे काम? ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी, रॉबिन्सन यांनी संघाच्या मॅनेजरच्या जागी एखादा कृष्णवर्णीय माणूस पाहायला मिळावा अशी इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली. ती पुरी झाली १९७५ साली, फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलँड संघाचे मॅनेजर झाले तेव्हा. खेळाडूला मैदान मिळाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी!

पुढे १९८७ साली, रॉबिन्सन यांच्या पदार्पणाला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने, डॉजर्सचेच एक वरिष्ठ अधिकारी अल कॅम्पानिस दूरचित्रवाणीवर बोलत होते. मॅनेजर किंवा जनरल मॅनेजर होण्यासाठी लागणारे गुण कृष्णवर्णीयांत कदाचित नसतील, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. देशभर संताप उसळला आणि त्यांना पद सोडावे लागले. पण त्यांच्या तोंडून जे बाहेर पडले ते अनेक कचेऱ्यांतून न बोलता पाळले जात होते. जनरल मॅनेजर हे अधिकृत पद कृष्णवर्णीय माणसाला मिळण्यासाठी १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ह्यूस्टन संघाने बॉब वॉटसन यांची त्या पदावर नेमणूक केली.

आपल्याकडची आठवणही याच जातीची आहे. पळवणकर बाळू यांनी पुण्याच्या क्लबांत खेळपट्टी तयार करण्याची कामे करता करता गोलंदाजी कमावली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चेंडू त्यांच्या हाती देण्यास कोणाची हरकत नव्हती. हिंदू संघाचे कर्णधारपद देण्यास मात्र होती. ते पद पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

दोन देश निराळे, काळ निराळा. परंतु अनुभव एकच सांगतो. मैदानाचे दार आधी उघडते आणि कचेरीचे दार फार उशिरा. मैदानात गुण डोळ्यांना दिसतात. चेंडू सीमेपार गेला की तो सर्वांनाच दिसतो. कचेरीत मात्र कोण योग्य आणि कोण अयोग्य हे आत बसलेली माणसेच ठरवतात. तेथे आपली योग्यता कोणालाही नाकारता येणार नाही अशा रूपात मांडावी लागते. पदवी हे त्याचे एक रूप, आणि स्वतः केलेले, छापील, तपासून पाहता येणारे काम हे त्याहून पक्के रूप. ऑनर्स पदवीचे खरे महत्त्व येथे आहे.

अभ्यासक्रमात काय शिकवतात

अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असते व तीस साधारण १२० श्रेयांक लागतात. पहिल्या दोन वर्षांत भाषा, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र यांचा पाया घातला जातो. नंतर क्रीडा विपणन, क्रीडा कायदा, क्रीडा अर्थकारण, मैदाने व इमारतींची व्यवस्था, खेळाचे समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र असे विषय येतात. कायद्याच्या तासाला १९७२ चा टायटल नाइन हा कायदा हमखास शिकवतात. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, असे तो सांगतो. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांतून मुलींच्या खेळांना संघ, साहित्य आणि शिष्यवृत्त्या देणे संस्थांना भाग पडले. कायद्याच्या एका वाक्याने मैदानाचे चित्र कसे बदलते, याचा हा उत्तम धडा आहे.

अर्थकारण म्हणजे काय ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका मंडळाने १६ संघांची कबड्डी स्पर्धा ठरवली.

जमा : प्रवेश शुल्क १६ संघांचे प्रत्येकी १,००० प्रमाणे १६,००० रुपये, प्रायोजकांकडून ४०,००० रुपये, जाहिराती १४,००० रुपये. एकूण ७०,००० रुपये.

खर्च : मॅटचे भाडे १८,००० रुपये, मंडप व दिवे १७,००० रुपये, पंचांचे मानधन ८,००० रुपये, बक्षिसे २५,००० रुपये, पाणी व प्रथमोपचार ६,००० रुपये. एकूण ७४,००० रुपये.

तूट चार हजारांची दिसते. बक्षिसाची रक्कम २१,००० वर आणली की हिशेब जुळतो. पण खरी अडचण निराळीच आहे. प्रायोजकाने कबूल केलेल्या ४०,००० पैकी १५,००० स्पर्धेनंतर देतो असे सांगितले, तर स्पर्धेच्या दिवशी हाती फक्त ५५,००० असतील. बक्षीस कमी करूनही ७०,००० तर लागणारच. म्हणजे कागदावर हिशेब जुळलेला आणि गल्ल्यात १५,००० कमी! बँकेत काम करणाऱ्याला हे रोज दिसते. धंदा बुडतो तो पुष्कळदा तोट्याने नव्हे, तर वेळेवर पैसा हाती नसल्याने. क्रीडा व्यवस्थापनाचा विद्यार्थी हे आधी ओळखायला शिकतो आणि प्रायोजकाशी करार करतानाच रक्कम केव्हा मिळणार हे लिहून घेतो.

ऑनर्स म्हणजे काय

आपल्याकडे पूर्वी ऑनर्स म्हणजे परीक्षेत जास्त गुण, अशी समजूत होती. अमेरिकेतील पद्धत निराळी आहे. तेथे ऑनर्सचा विद्यार्थी नेहमीचे विषय शिकतोच, त्याशिवाय काही तास छोट्या गटात चर्चेच्या पद्धतीने घेतो, ठरवून दिलेली गुणसरासरी टिकवतो आणि शेवटच्या वर्षी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रबंध लिहितो. गुणसरासरीची अट बहुधा चारपैकी साधारण ३.३ ते ३.५ इतकी असते. अॅमहर्स्ट येथे क्रीडा व्यवस्थापनाचा विभाग आयझेनबर्ग व्यवस्थापन महाविद्यालयात आहे आणि विद्यापीठभरच्या ऑनर्सची व्यवस्था कॉमनवेल्थ ऑनर्स कॉलेज पाहते. म्हणजे विद्यार्थ्याला विभाग आणि ऑनर्स कॉलेज अशा दोन्ही ठिकाणच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. प्रबंधाचे काम सामान्यतः दोन सत्रे चालते.

परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो व उत्तर कोठेतरी लिहिलेले असते. प्रबंधात प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते. ते मिळवावे लागते व कशावरून मिळवले हे दाखवावे लागते. इतकाच फरक, पण तो मोठा आहे. असे काम एकदा हातून झाले की माणसाच्या बोलण्यात आत्मविश्वास येतो.

प्रश्नाची निवड

प्रबंध अपुरा राहण्याचे पहिले कारण म्हणजे प्रश्न फार मोठा असणे. ‘क्रीडा प्रायोजकत्व’ हा प्रश्न नव्हे. तो ग्रंथमालेचा विषय झाला. वरील कबड्डीच्या हिशेबाकडे पुन्हा पाहावे. त्यात प्रायोजकाच्या पैशावर सारा डोलारा उभा आहे. मग असा प्रश्न विचारता येईल : ‘एका शहरातील दहा कबड्डी स्पर्धांना गेल्या तीन वर्षांत स्थानिक दुकानदारांनी दिलेल्या मदतीत काय बदल झाला, आणि त्यामागची कारणे दुकानदार काय सांगतात?’ येथे ठिकाण ठरले, काळ ठरला, स्पर्धांची संख्या ठरली आणि कोणाला विचारायचे तेही ठरले. एका वर्षात हे काम नक्की होते.

चांगला प्रश्न किती दूरवर पोहोचतो याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील शहरे जनतेच्या कराचा पैसा घालून व्यावसायिक संघांना मैदाने बांधून देत असत. मैदान आले की रोजगार वाढेल, शहराची भरभराट होईल, असे सांगितले जाई. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी ‘खरोखर तसे होते काय?’ हा साधा प्रश्न धरून अनेक अभ्यासकांचे लेख १९९७ साली ग्रंथरूपाने संपादित केले. सांगितली जाते तशी भरभराट झाल्याचे दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या विद्यार्थ्यालाही हीच दृष्टी ठेवता येईल. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. अशा सार्वजनिक मैदानाचा उपयोग आसपासच्या वस्तीतील मुलांना किती होतो, शुल्क किती, वेळ कोणती, मुली किती येतात, हा एका प्रबंधाचा विषय सहज होऊ शकतो.

पूर्ण करण्याचे वेळापत्रक

ऑनर्सला प्रवेश घेणारे सगळेच प्रबंधापर्यंत पोहोचत नाहीत. बुद्धी कमी पडते म्हणून असे होते असे नाही. बहुधा वेळेची आखणी चुकते. म्हणून पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१) तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मार्गदर्शक नक्की करावा. केवळ गोड स्वभाव पाहू नये. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध आहे काय आणि दर पंधरवड्याला अर्धा तास ते देतील काय, हे विचारून घ्यावे.

२) सातव्या सत्राच्या पहिल्या महिन्यात तीन-चार पानांचा आराखडा लिहावा. प्रश्न, पद्धत आणि वेळापत्रक एवढेच त्यात असावे.

३) माणसांना प्रश्न विचारून माहिती घ्यायची असेल तर अमेरिकेत विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा विचार आधी घ्यावा लागतो. माहिती देणाऱ्याची संमती हवी व त्याचे नाव गुप्त राहिले पाहिजे. समितीच्या उत्तराला आठवडे लागू शकतात. येथे उशीर झाला की पुढचे सारे लांबते. आपल्याकडेही समितीचा नियम काय आहे ते विचारावे, आणि संमतीपत्र तर घ्यावेच.

४) सातवे सत्र संपण्यापूर्वी माहिती गोळा व्हावी. क्रीडा हंगाम कोणाची वाट पाहत नाही. कबड्डीच्या स्पर्धा हिवाळ्यात होऊन गेल्यावर उन्हाळ्यात प्रश्नावली घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

५) लिहिणे शेवटासाठी राखून ठेवू नये. रोज एक पान लिहिले तरी दोन महिन्यांत साठ पाने होतात. त्यातली वीस टाकून दिली तरी चाळीस उरतात.

६) आठव्या सत्राच्या मध्यावर पूर्ण कच्चा मसुदा मार्गदर्शकाच्या हाती द्यावा. दुरुस्त्या, टंकलेखन आणि तोंडी परीक्षा यांना उरलेला वेळ अपुराच पडतो.

आणखी एक अडचण उमेदवारीची. या क्षेत्रात संघ, संघटना किंवा मैदानाच्या कचेरीत काही महिने काम करणे आवश्यक मानले जाते. परंतु असे काम पुष्कळदा बिनपगारी असते. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याला हे परवडते. ज्याला सायंकाळी दुकानात उभे राहून फी भरायची आहे त्याने काय करावे? त्याने उमेदवारीचे ठिकाण आणि प्रबंधाचे ठिकाण एकच ठेवावे. जेथे काम करतो तेथील प्रश्न घ्यावा, तेथीलच माहिती परवानगीने वापरावी. एका खेपेत दोन कामे होतात आणि प्रवासाचा पैसाही वाचतो.

आपल्याकडील व्यवस्था

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी नवी चौकट जाहीर केली. तीनुसार तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना त्यात पाच टक्क्यांची सवलत देता येते. प्रत्यक्ष अंमलबजावणी विद्यापीठागणिक निराळी असते. म्हणून आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर राहू नये.

या चौकटीत मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. ही सोय अडचणीत सापडलेल्यासाठी चांगली आहे. परंतु जो जिना उतरायला सोपा असतो त्यावरून गरीब घरची मुलेच आधी उतरतात, हेही खरे आहे. ‘तीन वर्षे झाली, आता कमाव’ असे घरून सांगितले जाते आणि त्यात पालकांचा दोषही नसतो. तेव्हा चौथ्या वर्षाचा खर्च तिसऱ्या वर्षीच कागदावर मांडावा. फी किती, पुस्तके किती, प्रवास किती, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून किती भागेल, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करावी. आकडा समोर असला की घरातील चर्चा निराळी होते. संस्था-मंडळांनीही या चौथ्या वर्षाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रवेशाच्या वेळी वह्या-पुस्तके वाटणारे पुष्कळ असतात. शेवटच्या वर्षी प्रबंधाच्या छपाईला व प्रवासाला हातभार लावणारे थोडे.

परदेशी शिकण्याची इच्छा असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहेत, पदवी शिक्षणासाठी नाहीत. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवतात. म्हणून ऑनर्स येथे पूर्ण करावी, प्रबंध नीट लिहावा आणि त्या बळावर पुढील शिक्षणासाठी अर्ज करावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

समारोप

२००८ साली क्रिकेटची आयपीएल आणि २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून आपल्या देशात खेळ हा मोठा व्यवहार झाला आहे. त्यात चढाई करणारी, चेंडू टाकणारी मुले वाड्या-वस्त्यांतून येतच आहेत व येतील. परंतु करार लिहिणारी, हिशेब तपासणारी, मैदान कोणाला द्यायचे हे ठरवणारी माणसेही त्याच वस्त्यांतून यायला हवीत. त्यासाठी आणखी अठ्ठावीस वर्षे वाट पाहायची की चार वर्षे नेटाने अभ्यास करायचा, हे विद्यार्थ्यांनी ठरवावयाचे आहे.

विद्यार्थी बंधु-भगिनींनो, प्रवेश घेतल्याचे पेढे सगळेच वाटतात. तुम्ही बांधणी केलेला प्रबंध घरी आणा, आईवडिलांच्या हाती द्या, आणि त्याची एक प्रत आपल्या वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षी त्या वाटेने येणाऱ्याला तो उघडून पाहता येईल.